श्वास सोडा, धरा

चिमूर. मंगळवार. नववी पेशंट.
पुष्पकला नन्नावरे, वय एकतीस, वजन चौतीस.
“उपाशी पोटी आलात ना?”
ती हसली. “उपाशीच रायतो मी, मॅडम.
जेवलो का दुखते.”

दाराबाहेरच्या पाटीवर लिहिलंय
इथे काय सांगितलं जाणार नाही ते.
काय सांगितलं जाईल, त्याची पाटी नाही.

फाइलीत चार वर्षं :
ॲसिडिटीच्या गोळ्या, जंताचं औषध, नागपूरची दुर्बीण,
‘मानसिक?’ असं एका सुरेख अक्षरात.
फाइलीबाहेर, दंडाला, काळा दोरा.
सासूचं म्हणणं, ताटावरून उठली का लोळते.
रोवणीत वाकली की दुखत नाही,
हे कुणीच लिहून घेतलेलं नाही.

जेल गार. ती दचकते.
बरगड्या संपतात तिथे प्रोब टेकवते.
मध्ये माणूस इतकं थोडं उरलंय
की महाधमनी लगेच सापडते,
आणि तिची पहिली फांदी, जठराकडे निघालेली,
श्वासपटलाच्या कमानीखाली
आकड्यासारखी वाकलेली.

“श्वास घ्या. धरा.”
एकशे साठ.
“सोडा. पूर्ण सोडा. आता घेऊ नका.”
तीनशे चाळीस,
आणि डॉपलरचा आवाज
फटीतून वारा घुसावा तसा.

पुन्हा केलं. पुन्हा तेच.
तिसऱ्यांदा केलं ते माझ्यासाठी.

चार वर्षं सगळे तिला सांगत आले :
एवढं मनाला लावून घेऊ नको,
श्वास सोड, मोकळी हो.
ती सोडत होती,
आणि प्रत्येक वेळी आत कमान खाली बसत होती.

मी समजवायला गेले. शब्द सापडेनात.
रक्ताची वाट, म्हटलं, दबलेली, म्हणून वेग…
“धुऱ्याच्या नळीत दगड अडकला का
पाणी लय वाजते,” ती म्हणाली,
“अन् बांधी कोरडीच रायते.”
हो, म्हटलं. तेच.

आधी सीटी, मग कदाचित ऑपरेशन.
नक्की बरं वाटेल, असं मी म्हटलं नाही.
तिनं ते विचारलंही नाही.

“आवाज येते का कागदावर?”
“नाही. आकडे येतात.”
“मंग यायले बोलावा आत.”

तो आला, चपला दाराशी काढून.
मी पुन्हा जेल लावलं.
“सोडा. पूर्ण.”
खोलीभर तो आवाज.

त्याला कुणी सांगितलं नव्हतं,
तरी त्यानंही श्वास सोडला
आणि बराच वेळ घेतला नाही.