प्रभारी

उलानबातर, उणे एकतीस.
दाराशी बर्फ झटकत पोरी कोट देतात, मी बिल्ले देते.
चारशे खुंट्यांपैकी तीनशेंवर पोरींचेच कोट.
आमच्याकडं मुलगा घोड्यांमागं राहतो,
मुलीला शिकायला धाडतात.
मलाही धाडलं होतं. मधेच मेंढ्या मेल्या, पैसे संपले.

पाचव्या मजल्याचा हिशेब वेगळा.
सभेच्या दिवशी कोल्ह्याच्या कॉलरचे अकरा कोट येतात
आणि ओयुंगेरेलबाईंचा करडा.
सात वर्षं प्रभारी कुलगुरू.

कुलगुरूंची खुंटी वर, खोलीतच, पितळेची.
बाई तिथं कोट टांगत नाहीत.
नंबर एकशे अठरा, माझ्याकडं.
"प्रभारीला कसली खुंटी?" एकदाच म्हणाल्या.
हसत नव्हत्या.

सह्या त्यांच्या, संप त्यांच्या अंगावर,
बॉयलर फुटला त्या रात्री
तळघरात गुडघाभर पाण्यात त्याच.
म्हणजे भार सगळा.
आधीचा 'प्र' कशाचा, ते कुणी सांगत नाही.

काल मंत्रालयाचं पत्र आलं, पाठोपाठ नवे साहेब.
एके काळी बाईंच्याच वर्गात मागं बसायचे.
कोटासकट थेट वर गेले.

आज सकाळी बाई आल्या, नेहमीच्या वेळेला.
मी सवयीनं बिल्ला पुढं केला.
घेतला नाही.
कोट तसाच अंगात, बटणं गळ्यापर्यंत,
लिफ्ट सोडून जिन्यानं गेल्या.

शिपाई सांगतो,
पितळेच्या खुंटीवर आता दोन कोट आहेत.
वरचा कुणाचा,
ते विचारायचं राहिलं.