मगर, काना नाही मात्रा नाही

नवापुऱ्यातल्या आमच्या शाळेत
कॉम्प्युटर नऊ, चालणारे सात
आणि दुसरीची मुलं एकतीस.
एका खुर्चीवर दोघं, उरलेली उभी.
माउसवर ज्याचा हात त्याचं राज्य,
आणि राज्य दर पाच मिनिटांनी उलथतं.

पहिल्या दिवशी जिगरनं माउस उचलला
आणि थेट पडद्यावर नेऊन टेकवला, बाणाच्या टोकाला.
त्याची चूक नव्हती.
मीच म्हटलं होतं, "तिथे ने."

की-बोर्डवर मी कागदाचे चौकोन चिकटवलेत,
हिरव्या शाईत, माझ्या अक्षरात.
सीच्या घरात म, आयच्या घरात ग, जेच्या घरात र.
घामानं म सगळ्यांत आधी पुसट होतो.
पहिले शब्द असे हवे होते
की वेलांटी शोधत बोट गावभर भटकायला नको.
घर झालं, नळ झाला, वजन झालं,
मग अन्वयी शिर्के म्हणाली,
"बेन, मगर?"

तीन टिचक्या.
वरची रेघ पुसली की गुजरातीतही जवळजवळ तीच,
हिंदीत तर तिनं वादही घालता येतो.
त्या दिवशी वर्गात
कुणालाच कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

शोधायच्या चौकटीत मगर टाकली
आणि सातही पडद्यांवर जबडे उघडले.
मी वाचून दाखवलं:
मगर नदीत व तळ्यात राहते.
मागून तौफीक,
"मगर बेन, ती आमच्या जिन्यात राहते."

हसली सगळी. तो नाही हसला.
पुरात आली होती, चौथ्या पायरीवर,
दोन रात्री होती.
फुप्फी वरच्या कठड्यावरून तिच्याशी बोलायची,
विश्वामित्रीकडे बोट दाखवून, घरचा रस्ता सांगावा तशी.
मग दोन माणसं आली, तोंडाला चिकटपट्टी लावली,
आणि स्कूटरवर दोघांच्या मधे आडवी धरून
घेऊन गेली.
"हे इथे का नाही लिहिलं?"

मला तो पूर ठाऊक आहे.
खालच्या मजल्यावर होती तेव्हा ही खोली.
नंतर गच्चीवर नऊ डबे उघडे टाकून
आम्ही टूथब्रशनं नदी काढली त्यांच्यातून.
दोन गेले.
एकाच्या पंख्यात अजून गाळ आहे,
सुरू करताना खोकतो.

पुस्तकात धडा चौथा, रिकाम्या जागा भरा:
इंटरनेटवर ______ माहिती मिळते.
उत्तर: सर्व.
मागच्या वर्षी न भरणाऱ्यांचा
मी अर्धा गुण कापला होता.

"तू लिही मग," मी तौफीकला म्हटलं.
त्याला काने-मात्रे अजून सापडत नाहीत,
म्हणून त्याच्याकडे होते तेवढेच शब्द घेऊन
तो अकरा मिनिटं बसला.
कुणी माउस मागितला नाही.

घर वर मगर.
वर वर मगर.
सरक.

मी व्याकरणाला हात लावला नाही.
फाइलला नाव काय देऊ, विचारलं,
तर माझ्याकडे बघतच राहिला;
दुसरं काय असणार?

"आता ते कुठे गेलं?"
या डब्यात, मी म्हटलं, आत. सेव्ह झालं.
त्यानं डब्याकडे पाहिलं,
मग जमिनीकडे,
मग डबा जमिनीपासून किती उंच आहे ते
आपल्या गुडघ्याशी मापून पाहिलं.
"आणि पाणी आलं तर?"

घंटा झाली. चपलांचा ढीग उसकटत
एकतीस जण बाहेर पळाले.
मी पेन ड्राइव्ह लावला,
मगर त्यात उतरवली,
आणि किल्ल्यांच्या जुडग्याला दोऱ्यानं
दोन गाठी मारून बांधली.

माझं घर दुसऱ्या मजल्यावर आहे.