दोन टिंबं, एक तिरकी रेघ

स्क्रिप्टच्या चौथ्या ओळीत
एयफिन अजून राहतो.
सी ड्राइव्ह, युजर्स, मग त्याचं नाव,
मग डेस्कटॉप, मग पक्षी, मग नवे, मग नवे-दोन,
आणि सगळ्यात आत ती फाइल:
मोजणी_अंतिम_हीच.
मुक्काम पोस्टासकट पत्ता पुरा लिहिलेला,
फक्त ते गावच उठून गेलंय.

तो संगणक मीच टाकला भंगारात,
तीन वर्षांपूर्वी, टोर्सहाव्हनच्या धक्क्यामागे,
आधी पुसून,
मग वायर नीट गुंडाळून,
का गुंडाळली कोण जाणे.

आज स्क्रिप्ट चालवली.
लाल अक्षरं: अशी फाइल अस्तित्वात नाही.
आणि फाइल तर शेजारच्याच फोल्डरमध्ये बसलेली,
हाक मारली तर ओ देईल इतकी जवळ.

फोन लावला. पलीकडे वारा, मेंढ्या,
आणि एयफिन, सान्डोय बेटावर, निवृत्त.
"कुठे ठेवायचास रे सगळं?"
"डेस्कटॉपवर."
"कुठल्या?"
"अगं रान्वा, ज्याच्या खिडकीतून
संध्याकाळची बोट दिसायची, त्या."

त्या खिडकीला आता मी पाठ करून बसते.
पडद्यावर उजेड पडतो म्हणून.

चौथी ओळ खोडली.
लिहिलं: दोन टिंबं, एक तिरकी रेघ.
म्हणजे, आहेस तिथून एक पायरी वर ये,
मग 'कच्चा' नावाच्या खोलीत शीर.
नाव नको, ड्राइव्हचं अक्षर नको.
आमच्या गावात आई परक्या माणसाला
असाच रस्ता सांगायची:
चर्चपर्यंत वर, मग ओढ्याच्या अंगानं खाली,
तिसरं घर, गवताचं छप्पर, कुत्रं चावत नाही.
पण त्याआधी ती विचारायची,
"तू आत्ता उभा कुठे आहेस?"

नेमकं तेच मी विसरले.
दुपारी तेच यंत्र, तीच स्क्रिप्ट,
फक्त वेगळ्या फोल्डरातून सुरू केली,
आणि पुन्हा लाल.
एक पायरी वर, बरोबर, पण कुणाच्या पायापासून?
'इथे' म्हणजे
ओळ जिथे लिहिली ती जागा नव्हे,
चालणारा जिथून निघाला ती.
इतकी वर्षं हे काम करते मी.
कॉफी गार झाली, मी स्वतःलाच दोन शब्द ऐकवले,
जे आईसमोर बोलले नसते.

मग सगळ्यात वरच्या फोल्डरात
एक रिकामी फाइल ठेवली.
आत अक्षरही नाही.
तिचं काम एवढंच, असणं.
स्क्रिप्ट कुठल्याही खोलीतून निघो,
वर चढत चढत तिच्यापाशी येते,
आणि मगच पुढची पावलं मोजते.
धुक्यात वाट चुकू नये म्हणून
डोंगरावर कुणीतरी रचून ठेवलेले दगड असतात ना,
कुणी रचले विचारू नये,
जाताना आपला एक वर ठेवावा.

सगळं गुंडाळून नूकला पाठवलं, आविआयाकडे.
तिच्या यंत्रावर सी ड्राइव्हच नाही,
फोल्डरांची नावं तिच्या भाषेत,
मला उच्चारताही येणार नाहीत अशी लांब.
वीस मिनिटांनी उत्तर आलं: चालली.
बस, एवढंच. खाली एक ओळ:
एक्क्याण्णव सालचा आकडा का नाही?

आलेख उघडला. कड्यावरच्या पक्ष्यांची रेघ
उतरत येते, उतरत येते,
आणि एका जागी तुटते.
मूळ फाइलीत शेरे नावाचा रकाना आहे,
तो कुणी कधी वाचत नाही, मीही नाही.
तिथे एयफिनच्या हातचं:

"तीन दिवस धुकं. कडा दिसला नाही.
पक्षी होते, आवाज येत होता.
शून्य लिहू नका."