निळ्या फुल्या, लाल गोल

सात महिने रोज रात्री पावणेनऊला
पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उघडायची :
बॅकअप अपूर्ण.
खाली एकच बटण, ठीक आहे.
मी ते दाबायचे, पर्स उचलायचे, शटर ओढायचे.
ठीक आहे हे मीच म्हणत होते.
विचारलं कुणी नव्हतं.

नौपाड्यातला हा दवाखाना ऐकू न येण्याचा.
काचेच्या खोलीत माणूस बसतो, डोक्यावर हेडफोन,
सूर आला की बोट वर.
काय काय ऐकू येत नाही त्याचा आलेख निघतो :
लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्याच्या,
जिना उतरावा तशा उतरत जाणाऱ्या.
बावीस वर्षांचे जिने एका डिस्कमध्ये होते.

मंगळवारी डिस्क टकटकली.
तीनदा, दाराबाहेरून कुणी वाजवावं तशी.
मग गप्प.

राबोडीचा मुदस्सर आला. डिस्क कानाला लावली
(या दवाखान्यात ते शोभलं),
म्हणाला, "ताई, परत चालू करू नका.
दर वेळी ओरखडा वाढतो. हरवलेलं शोधायचं तर
आधी हात बांधून बसायला लागतं."
चार दिवस त्याने वाचेल तेवढं एकेक कण
दुसऱ्या डिस्कवर उचलून ठेवलं.
परत आलं ते असं :
अकराशे चाळीस आलेख
आणि नावांचा तक्ता कोरा.
कान सगळे होते. माणसं नव्हती.

नीलांबरी मॅडम ओरडल्या नाहीत.
ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.
खुर्ची ओढून पडद्यासमोर बसल्या, चष्मा कपाळावर.
"हा बघ, चार हजारावर खड्डा.
हे वागळे इस्टेटचे कान. डब्यांचा कारखाना, प्रेसवर तीस वर्षं.
खरटमल. लिही.
हा थोडा उथळ, त्यांच्याच पाळीतला,
चहा बशीत ओतून पिणारा, नाव काय रे देवा…
एक कान सरळ, दुसरा पार तळाला :
गालगुंड झालेली ती मुलगी. आता कॉलेजात असेल."
तीनशे बारा माणसं त्यांनी अशी
नुसत्या उतारावरून ओळखली.

उरलेल्यांसाठी मी पावतीपुस्तकं उपसली, फोन लावले.
ज्यांना ऐकू येत नाही त्यांना फोन.
"दवाखान्यातून बोलतेय, तुमचं नाव हरवलंय…"
"माझं नाव इथंच आहे, बाई. तुम्ही कोण?"

पण आले. पुन्हा काचेच्या खोलीत बसले.
जुन्या जिन्याला बहुतेकांच्या
एखादी पायरी खाली लागलेली.
काही जण सूर नसतानाही बोट वर करायचे,
येतंय ऐकू, ठीक आहे, हे दाखवायला.
काचेबाहेरून मी पाहत होते.
ओळखीचं वाटलं ते बोट.

आता रोज दोन प्रती निघतात.
एक कपाटात. एक माझ्या डब्याच्या पिशवीत,
भाजीचं तेल लागू नये म्हणून वेगळ्या कप्प्यात,
खाडी ओलांडून कळव्याला.
आग लागली तर दोन्ही काठांना एकदम लागणार नाही,
मुदस्सर म्हणतो.
गुरुवारी त्या प्रतीतून कुठलंही एक नाव परत आणते
आणि उघडून बघते.
प्रत काढली म्हणजे प्रत आहे, असं नसतं.
उघडेपर्यंत ती नुसती आपली समजूत.

एक्केचाळीस आलेख अजून कुणाचेच नाहीत.
त्यातल्या एकात उतारच नाही.
लाल गोल, निळ्या फुल्या, सगळ्या वरच्या रेघेवर,
सगळं स्वच्छ ऐकू येणारे कान.
मॅडमनाही आठवत नाही.
ज्याला इतकं ऐकू येत होतं
तो इथे कशाला आला होता?

त्याचीही प्रत निघते रोज रात्री.
मी चौकट वाचते, पूर्ण वाचते,
मग दाबते.