मधलं चाक

कंपनीनं नाव ठेवलं होतं हरिणी.
जिंतुरानं चाकं मोजली
आणि ठेवलं लंगडी.

पुढं एक, मागं दोन.
दार उजवीकडं, डावीकडं नाहीच.
अंग फायबरचं, रंग पिकल्या पपईचा.
इंजिन मागं, डिकीत,
आणि इंजिनाच्या जागी, नाकाडात,
अण्णांच्या विम्याच्या फायली.

पत्रकात छापलं होतं :
चौथं चाक ही केवळ सवय आहे.
हे वाक्य अण्णांना इतकं पटलं
की आईच्या पाटल्या औरंगाबादला गेल्या
आणि त्यांच्या बदल्यात ही आली.

बोरी, चारठाणा, येलदरीकडची खेडी.
काळ्या रानातून बैलगाड्यांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या,
जीप त्यात बसायची, ट्रॅक्टर बसायचा.
हरिणीची मागची दोन कशीबशी बसायची,
पुढचं एकटं मात्र मधल्या उंचवट्यावरून,
जिथं गवत उगवतं, शेण पडतं,
तिथून थरथरत जायचं.
"चाकोरीबाहेरचं वाहन आहे," अण्णा म्हणायचे,
आणि तेवढ्यात चष्मा नाकावरून मांडीवर.

चारठाण्याच्या पारावर सोपान ढगे म्हणाला,
"इमा काढा म्हनता साहेब,
अन् सोताच्या गाडीला एक चाक कमी.
आधी तुमचं काय ते ठरू द्या,
मग आमच्या मरणाचं बगू."
पार हसला. अण्णाही हसले, जरा उशिरा.
त्या साली अकरा पॉलिस्या झाल्या,
त्यातली एक माझ्या नावची.

पाऊस आला की काचेच्या रबरातून पाणी आत यायचं
आणि आत आलेलं बाहेर जायचं नाही.
आई मागं, पाय वर घेऊन, चपला हातात धरून.
मुनीर मिस्त्रीनं तळाला भोक पाडायला ड्रिल काढलं
तर अण्णा मध्ये उभे राहिले :
"डिझाइनला हात लावायचा नाही."
क्लचप्लेट लँब्रेटाची चालली त्यांना,
पेट्रोलची नळी फवारणी पंपाची चालली,
पट्टा जिनिंगमधून मागून आणलेला.
भोक नाही.

कंपनी दोन वर्षांत बुडाली.
अण्णांची रजिस्टर पत्रं परत येऊ लागली,
पाठीवर पोस्टमनचं तिरकं अक्षर :
सदर पत्त्यावर मिळून येत नाही.
ती त्यांनी फाडली नाहीत.
नाकाडात, फायलींखाली ठेवली.

अण्णा गेले. इंजिन कुणीतरी नेलं, चाकं कुणीतरी.
मुनीरच्या पोरानं टप कापला, सीट काढल्या,
आणि दुष्काळाच्या साली
बोअरशेजारी ठेवून पाइप सोडला आत.
लोखंड सडलं असतं, सिमेंटला तडा गेला असता.
हिला काही झालं नाही.

परवा पुण्याहून एक म्हातारे गृहस्थ आले.
खांबेटे. हातात काठी, खिशात घडी घातलेला नकाशा.
म्हणाले, हिचं पहिलं चित्र मी काढलं होतं.
मी काही न बोलता रानात नेलं.
ते बघत राहिले.
पपईचा रंग उन्हानं पांढरा पडलेला,
हेडलाइटच्या खोबणीत शेवाळ.

"गळतं का?"
नाही म्हटलं. थेंब नाही.

वाकले, कोपरापर्यंत हात पाण्यात घातला,
तळ चाचपला, जिथं भोक असतं तिथंही.
मग पुढं, जिथं ते एकटं चाक होतं.
"तेव्हा मी बैलगाडीची वाट पाहिलीच नव्हती हो,"
इतकंच बोलले.
पाटल्यांचं ओठावर आलं होतं माझ्या.
मी टॉवेल आणायला निघाले.

वळून पाहिलं तर हात अजून पाण्यातच,
आणि पलीकडं मुनीरच्या पोराची शेळी
मान लांब करून उभी,
हा कधी बाजूला होतोय म्हणून.