ताटल्यांचा हिशेब

स्कर्दूच्या गोदामातून निघताना
तकी ताटल्या मोजून घेतो. अठ्ठावीस.
कारकून वहीवर त्याचा अंगठा घेतो,
म्हणतो, तेवढ्याच परत आल्या पाहिजेत.
तकी मान हलवतो.
बावीस उन्हाळे तो अशीच मान हलवत आलाय.

आस्कोलेपर्यंत जीप, पुढे पाय.
पायजूला शेवटची झाडं,
उर्दुकासला शेवटचं गवत,
मग बाल्तोरो, दगडांची गोधडी पांघरलेला बर्फ,
रात्रभर पोटातल्या पोटात कुरकुरणारा.
हमालांच्या पाठीवर पंचवीस-पंचवीस किलो,
तकीच्या पाठीवर ताटल्या,
दर पावलाला किणकिण.
पोरं म्हणतात, आपो आला का बकरी आली?
आपो म्हणजे आजोबा. वय त्याचं पन्नासच.

डोंगराला त्याची माणसं छोगोरी म्हणतात.
छोगो म्हणजे मोठा, री म्हणजे डोंगर.
आईला आई म्हणावं, तसं.
फार पूर्वी कुणा मोजणीदाराने लांबून दुर्बीण लावली,
वहीत खूण टाकली: के-टू.
ती खूणच जगभर गाजली.
तकीला त्याचं काही नाही.
हाक कुठलीही मारा,
तो ओ देत नाही.

तळावर डाळ शिजता शिजत नाही.
पाणी उकळतं खरं, पण मनापासून तापत नाही.
एका रात्री वॉकीटॉकी खरखरतो,
आधी वारा, मग माणूस, मग नुसताच वारा.
सकाळी तकी वाढायला घेतो
आणि एक ताटली उरते.

ती धुवून, पुसून तो बाजूला ठेवतो.
म्होरक्या कागदावर नाव लिहून देतो.
तकीला ती अक्षरं वाचता येत नाहीत,
एकाला टोपी, एकाला शेपूट,
कोरियाच्या माणसाचं नाव तर
लहान लहान घरं, खिडक्यांसकट.
खिळा, दगड, ठक् ठक्.
टिंबाटिंबाने माणूस स्टीलवर उतरतो.
मग खडकाच्या सोंडेवर तारेने बांधायचा,
जिथे आधीच्या ताटल्या वाऱ्यात एकमेकींवर आपटतात,
पंगत उठल्यावर कुणीतरी भांडी घासायला बसावं तशा.

एकदा हिमवादळात बोटं गारठली होती,
ताटली उलटी बांधली गेली.
पुढच्या उन्हाळ्यात पोलंडहून त्या माणसाची बहीण आली.
आरशातल्यासारखी उमटलेली टिंबं
बोटाने चाचपत बराच वेळ उभी राहिली.
तकी ओशाळून पक्कड काढू लागला.
दुभाष्या म्हणाला, राहू दे म्हणतेय.
पलीकडून बरोबर आहे म्हणतेय.

पलीकडे डोंगर होता.

आणि यंदा इशाक.
बहिणीचा धाकटा. दोर लावायला वर गेलेला,
पाठीवर दुसऱ्यांच्या श्वासाच्या नळकांड्या.
त्याचं नाव कागदावर लिहून द्यायचं
कुणाला सुचलं नाही.
तकीने खिळा घेतला, दगड घेतला.
लहानपणी मौलवीने छडी मारून शिकवलेल्यातलं
अलिफ तेवढं आठवलं.
एक उभी रेघ.
पुढचं काही येईना.
बाकीची ताटली कोरीच राहिली,
काठाला पोचा आलेली,
इशाक चमच्याने वाजवायचा ना, अजून वाढ म्हणून, तिथे.
तकीने ती बांधली,
रेघ डोंगराकडे करून.
या वेळी बोटं गारठलेली नव्हती.

भादव्याच्या सुमाराला गोदाम.
कारकून मोजतो. पंचवीस.
तीन कुठे गेल्या?
हरवल्या.
प्रत्येकी एकशेवीस, मजुरीतून वळते.
तकी मान हलवतो. अंगठा देतो.

घरी सून पुढ्यात ताटली ठेवते,
जर्दाळू आणायला आत वळते.
तेवढ्यात तकी ती उलटी करतो,
पाठीवरून अंगठा फिरवतो, काठापासून काठापर्यंत.
सुनेला वाटतं, सासरा घासलंय का बघतोय.
ती काही बोलत नाही.
ताटली उचलते,
आणि पुन्हा घासून आणते.