रुमालाखाली

पायगोंडा, तू विचारलंस म्हणून सांगतो.

सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या ढिगापाशी
दोन माणसं हातात हात देऊन उभी राहायची,
हातांवर रुमाल.
भोवती पन्नास जण. सगळे बघतायत,
कुणालाच काही दिसत नाही.
बोटं दाबली, मूठ वळली,
रुमाल निघाला की सौदा झालेला.
मी तोलार. वजन माझ्या हातात,
पण पट्टी लिहून येईपर्यंत
भाव मलाही कळायचा नाही.

त्रिशला म्हणाली, मामा, ते कुलूप म्हणजे तुमचा रुमालच.
पत्त्याच्या डावीकडे, हरभऱ्याच्या डाळीएवढं.
वाटेत कुणी टपलेला असला
तरी त्याला नुसतं फडकं हललेलं दिसतं.

पटलं मला.
एवढं पटलं, की रात्री साडेनवाला
वीज तोडणार असा निरोप आला तेव्हा
निळ्या अक्षरांवर बोट ठेवलं, पान उघडलं,
आणि माथ्यावर कुलूप.
म्हटलं, रुमाल आहे, मग भ्यायचं कशाला?
सोळा आकडे दिले. मागचे तीन दिले.
मग आलेले सहाही दिले,
चष्मा पुसून, नीट बघून.

अकरा हजार चारशे.

त्रिशला ओरडली नाही.
तिनं पत्ता बोटानं सरकवत एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं,
जशी मी पोत्यावरची मार्कं वाचायचो हुंडेकऱ्याला.
नावात एक ‘एन’ जास्तीचा निघाला,
आणि त्याच्यापुढं भलतंच गाव.
पहिल्या तिरप्या रेघेच्या अलीकडचं, म्हणाली,
तेवढं खरं घराणं.
त्याच्या आधी कुणी काहीही लिहावं.

मग कुलूप खोटं होतं?
नाही मामा, कुलूप खरंच होतं.
तुमचे आकडे वाटेत कुणालाही दिसले नाहीत.
चोरालाच मिळाले. अगदी सुखरूप.

बराच वेळ गप्प बसलो.
रुमालानं कधी सांगितलंच नव्हतं
खालची बोटं कुणाची ते.
ते आम्ही तोंड बघून ओळखायचो :
हा डिग्रजच्या मगदुमांचा, हा आडत्याचा मेहुणा,
हा नवा दिसतो, कुठून आलास रे?
इथं तोंड नाही.
तोंडाच्या जागी ती एक ओळ.

आणि गंमत बघ.
पुढच्याच आठवड्यात आपल्या सोसायटीचं पान उघडलं,
तर लाल त्रिकोण.
‘तुमचं कनेक्शन खाजगी नाही.’
जिथं माझ्या बापाचा शेअर आहे ती सोसायटी!
प्रमाणपत्राची मुदत संपलीय, त्रिशला म्हणाली,
कुणी वाढवून घेतली नाही.
माझाही परवाना मार्चला संपायचा,
जूनपर्यंत तसाच तोलायचो,
एक छटाक इकडचं तिकडं केलं नाही.
तरी ती म्हणाली, पुढं जायचं नाही.
नाही गेलो. सायकल काढली,
काउंटरवर कोळेकरांना सांगितलं.
ते म्हणाले, असं का, आणि चहा मागवला.

परवा फोन आपल्या आपणच बदलला.
कुलूप गेलं. तिथं दोन आडव्या काड्या,
दोन्हीत एकेक मणी.
आता रुमाल बहुतेक सगळ्यांकडेच असतो म्हणे,
नसेल तेव्हाच बोंब मारतात.

बरं केलं.
मी काड्यांकडं फार बघत नाही.
ओळीवर बोट ठेवतो,
रेघेपासून मागं येतो,
एक ठिपका, मग नाव,
आणि नाव वाचून होईपर्यंत
दुसरा हात खिशातच ठेवतो.